नवं कार्ड की जास्त मेमरीचं?

ताईची भिशी लागली आणि घरात वाद सुरू झाला. भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. छातीच्या एक्स-रेमधले संशयास्पद डाग संगणकाला ओळखायला शिकवायचे, हा तिचा प्रकल्प. भाचा अकरावीत आहे. त्याला गेम खेळायचे आहेत आणि जमलं तर त्यांचे व्हिडिओ करून टाकायचे आहेत. घरात संगणक एक, त्यात ग्राफिक्स कार्डाची जागा एक आणि भिशीचे पैसेही एकाच कार्डापुरते. दुकानदारानं एका कागदावर दोन नावं आणि दोन किमती लिहून दिल्या होत्या. आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. किमतीत फारसा फरक नव्हता.

दाजींनी फोन केला. ‘‘मला एवढंच सांगा, ४०६० हा आकडा ३०६० पेक्षा मोठा आहे ना? मग घोडं अडलंय कुठं?’’

प्रश्न सरळ आहे आणि अनेक घरांत तो असाच विचारला जातो. उत्तर मात्र आकड्याकडे बघून देता येत नाही. एनव्हिडिया कंपनीच्या या नावांत पहिले दोन अंक पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतला दर्जा. म्हणजे ३०६० आणि ४०६० हे एकाच पायरीवरचे, वेगवेगळ्या पिढ्यांचे गडी. धाकटा थोरल्यापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस असेल, असं नाव सांगत नाही. इथं तर धाकट्याकडे काही गोष्टी चक्क कमी आहेत.

पापड लाटणाऱ्यांची फौज

आधी हे कार्ड करतं काय ते पाहू. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे घरातली कसलेली सुगरण. पुरणपोळीपासून उकडीच्या मोदकापर्यंत काहीही सांगा, ती एकामागून एक निगुतीनं करील. पण पाच हजार पापड लाटायचे असतील तर एक सुगरण कामाची नाही. तिथं गल्लीतल्या पन्नास बायका पोळपाट घेऊन बसाव्या लागतात. प्रत्येकीचं काम तेच, सोपं आणि शेजारणीवर न अवलंबणारं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही फौज. पडद्यावर २० लाखांहून जास्त ठिपके असतात आणि प्रत्येकाचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवायचा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचं गणितही असंच आहे. लाखो गुणाकार आणि बेरजा, सगळ्या एकाच छापाच्या. म्हणून एकच कार्ड भाच्यालाही हवं असतं आणि भाचीलाही.

दोन्ही कार्डांचे मुख्य आकडे असे:

आरटीएक्स ३०६० (फेब्रुवारी २०२१): गणन-गाभे ३५८४, कमाल घोषित वेग १.७८ गिगाहर्ट्झ, मेमरी १२ जीबी, मेमरीचा रस्ता १९२ बिट, मेमरीतून वाहतूक सेकंदाला ३६० जीबी, चिपवरची जवळची मेमरी ३ एमबी, वीज १७० वॅट.

आरटीएक्स ४०६० (जून २०२३): गणन-गाभे ३०७२, कमाल घोषित वेग २.४६ गिगाहर्ट्झ, मेमरी ८ जीबी, मेमरीचा रस्ता १२८ बिट, मेमरीतून वाहतूक सेकंदाला २७२ जीबी, चिपवरची जवळची मेमरी २४ एमबी, वीज ११५ वॅट.

नव्या कार्डात गाभे कमी, मेमरी कमी, रस्ता अरुंद. तरी ते नवं. हे कसं?

हात कमी, पण चपळ

आकडेमोड घरबसल्या करता येते. प्रत्येक गाभा एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतो. ३५८४ गुणिले २ गुणिले १.७८ अब्ज केलं की जुन्या कार्डाच्या सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया येतात. नव्याच्या ३०७२ गुणिले २ गुणिले २.४६ अब्ज, म्हणजे सुमारे १५.१ लाख कोटी. बायका कमी झाल्या, पण प्रत्येकीचा हात चांगलाच चपळ झाला. कागदावर नवं कार्ड जवळपास एकोणीस टक्क्यांनी पुढे आहे.

हा चपळपणा आला तो चिप घडवण्याच्या पद्धतीतून. ३०६० ची चिप सॅमसंगच्या ‘८ नॅनोमीटर’ पद्धतीनं घडते, तर ४०६० ची तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या त्यापुढच्या, ‘४एन’ नावाच्या पद्धतीनं. हे नॅनोमीटरचे आकडे आता पट्टीनं मोजलेलं माप राहिलेले नाहीत, पिढीचं नाव म्हणूनच ते वापरले जातात. पण फरक खरा आहे. ट्रान्झिस्टर लहान आणि कार्यक्षम झाले की तेच काम कमी व्होल्टेजवर होतं. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी वीज बरीच वाचते. त्यामुळेच वेग वाढूनही नवं कार्ड ५५ वॅट कमी खातं.

मिसळणाचा डबा, फडताळ आणि वाण्याचं दुकान

आता मेमरी. मेमरीच्या रस्त्याचं गणितही सोपं आहे. १९२ बिट म्हणजे २४ बाइट, आणि प्रत्येक तारेतून सेकंदाला १५ अब्ज बिट, म्हणून ३६० जीबी. नव्यात १२८ बिट म्हणजे १६ बाइट, तारेचा वेग १७ अब्ज, म्हणून २७२ जीबी. तारांचा वेग वाढवला, पण रस्त्याच्या मार्गिका एक तृतीयांशानं कमी केल्या. एकूण वाहतूक जवळपास चोवीस टक्क्यांनी घटली.

ही उणीव भरून काढायला चिपवरच जवळची मेमरी आठपट केली आहे. स्वयंपाकघरात याची उपमा नेमकी बसते. मिसळणाचा डबा ओट्यावर असतो, हात लांब केला की मोहरी-हळद मिळते. बाकीचं सामान फडताळात, दोन पावलांवर. आणि फडताळात नसेल ते वाण्याकडे. चिपवरची २४ एमबी मेमरी हा मिसळणाचा डबा, कार्डावरची ८ किंवा १२ जीबी हे फडताळ आणि संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे वाणी. नव्या कार्डानं डबा मोठा करून फडताळ लहान केलं. वारंवार तेच तेच लागणाऱ्या कामात हा सौदा चांगला ठरतो, कारण फडताळापर्यंत जायची वेळच कमी येते. गेममध्ये बहुतेकदा हेच घडतं.

अडचण होते ती सामान फडताळात मावेनासं झालं की. मग प्रत्येक जिन्नसासाठी वाण्याकडे खेप. ४०६० आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये आठच मार्गिका आहेत, ३०६० ला सोळा. मदरबोर्ड अलीकडचा असेल तर आठ मार्गिकांतून एका दिशेनं सेकंदाला साधारण १६ जीबी येतात. तो एक पिढी जुना, पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा असेल तर जेमतेम ८ जीबी. कुठे २७२ आणि कुठे ८! जुन्या संगणकात नवं कार्ड बसवणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

भाच्याची बाजू

गेमच्या बाबतीत भाचा बरोबर होता. सर्वसाधारण १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ४०६० हे ३०६० पेक्षा साधारण वीस टक्क्यांनी जास्त चित्रं दर सेकंदाला देतं. शिवाय नव्या पिढीत दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः रचून घालण्याची सोय आहे. जुन्यात ती नाही. त्यानं हालचाल गुळगुळीत दिसते. मात्र मधलं चित्र रचायला पुढचं खरं चित्र तयार असावं लागतं. त्यामुळे पडद्यावरचा आकडा दुप्पट झाला तरी बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद दुप्पट चपळ होत नाही. जाहिरातीतला दुप्पट-तिप्पट वेग वाचताना ही सोय चालू ठेवून मोजलंय का, हे पाहावं. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी नव्या कार्डाचा आणखी एक फायदा म्हणजे एव्ही१ या कमी जागेत चांगलं चित्र देणाऱ्या प्रकारात ते व्हिडिओ बनवू शकतं. जुनं कार्ड असा व्हिडिओ नुसता दाखवू शकतं.

पण मी भाच्याला विचारलं, ‘‘तुझा मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो?’’

‘‘साठ वेळा, मामा.’’

म्हणजे ज्या गेममध्ये जुनं कार्ड सेकंदाला ६० चित्रं देतं, तिथं नवं ७२ देईल. पण वरची बारा पूर्ण चित्रं दाखवायला मॉनिटरकडे जागाच नाही. एका चित्राचा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून १३.९ वर आला, इतकाच काय तो फरक. ज्या जड गेममध्ये जुनं कार्ड चाळीसवर अडतं, तिथं वीस टक्के नक्की जाणवतात. तिथं फडताळाचा प्रश्नही येतो. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ संगणकावर आला तेव्हा चित्रांची गुणवत्ता वर नेली की ८ जीबीची कार्डं अडखळत होती. पुढच्या दुरुस्त्यांनी सुधारणा झाली, पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते कळलं.

भाचीची बाजू

आता भाचीचा प्रकल्प. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१७ मध्ये छातीचे १ लाख १२ हजार १२० एक्स-रे संशोधनासाठी खुले केले. जगभरचे विद्यार्थी ते वापरतात. ती चित्रं १०२४ बाय १०२४ ठिपक्यांची आहेत. संगणकाला शिकवताना मात्र अनेकजण ती २२४ बाय २२४ इतकी लहान करून घेतात, कारण मोठी चित्रं मेमरीत मावत नाहीत.

याचा अर्थ काय होतो? छातीच्या चित्राची रुंदी साधारण ३५ सेंटीमीटर धरली आणि फुप्फुसातला डाग ५ मिलिमीटरचा असला, तर मूळ चित्रात तो सुमारे १५ ठिपके रुंद असतो. लहान केलेल्या चित्रात तो उरतो जेमतेम ३ ठिपके. डॉक्टरांना चष्मा काढून एक्स-रे बघायला लावण्यासारखं हे आहे. यंत्र किती हुशार आहे हा नंतरचा प्रश्न, आधी त्याला डाग दिसायला तर हवा.

चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात. २२४ वरून १०२४ वर गेलं तर जवळपास २१ पट. शिकवताना कार्डाच्या मेमरीत नुसतं चित्र नसतं. गणिताचे सगळे गुणांक, प्रत्येक गुणांकात किती बदल करायचा त्याचे आकडे, आणि प्रत्येक टप्प्यावरची मधली उत्तरं, हे सगळं एकाच वेळी लागतं. मधल्या उत्तरांचा पसारा चित्राच्या आकाराबरोबर वाढत जातो. भाचीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत ८ जीबीच्या कार्डावर मोठी चित्रं घालून पाहिली होती. काही सेकंदांत ‘मेमरी संपली’ असा संदेश आला आणि काम बंद पडलं. गेम मेमरी कमी पडली तर अडखळतो. शिकवणीचा असा कार्यक्रम अनेकदा सुरूच होत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. एका वेळी कमी चित्रं द्यायची, ३२ बिटांऐवजी १६ बिटांत गणित करायचं, काही मधली उत्तरं पुसून पुन्हा काढायची. हे सगळं करून ८ जीबीतही बरंच काम होतं, पण वेळ वाढतो आणि विद्यार्थ्याचं डोकं प्रकल्पापेक्षा मेमरी वाचवण्यातच जास्त खर्ची पडतं. गुगल कोलॅबसारख्या सेवेवर ठरावीक वेळ फुकट कार्ड वापरायला मिळतं. ज्यांचं काम चार-दोन आठवड्यांचं आहे त्यांनी आधी तेच करावं. मात्र स्थानिक रुग्णालयातल्या रुग्णांची चित्रं असतील, तर परवानगीशिवाय ती बाहेरच्या यंत्रावर चढवणं योग्य नाही. तिथं आपलं कार्ड, आपल्या खोलीत, हेच बरं.

घरच्या संगणकावर भाषेची मॉडेल चालवणाऱ्यांसाठीही हिशेब असाच आहे. ७०० कोटी गुणांकांचं मॉडेल १६ बिटांत ठेवलं तर नुसत्या गुणांकांना १४ जीबी लागतात. दोन्ही कार्डांत ते मावत नाही. ८ बिटांत ७ जीबी. १२ जीबीत आरामात, ८ जीबीत कसंबसं, कारण कामासाठी वेगळी जागा उरत नाही. ४ बिटांत साधारण ४ जीबी, ते दोन्हींत बसतं. आणि इथं गंमत आहे. असं मॉडेल प्रत्येक शब्दतुकडा लिहिताना बहुतेक सगळे गुणांक एकदा वाचतं. ४ जीबी दर वेळी वाचायचे असतील तर ३६० जीबीच्या रस्त्यावर सेकंदाला फार तर ९० तुकडे, २७२ च्या रस्त्यावर ६८. मिसळणाचा डबा कितीही मोठा असला तरी ४ जीबी त्यात मावत नाहीत. म्हणजे या कामात ‘मंद’ समजलं जाणारं जुनं कार्डच पुढे असायला हवं.

वीज, उकाडा आणि डोळे

वीज हा नव्या कार्डाचा खरा हुकमी पत्ता. पूर्ण ताणाखाली रोज चार तास वापर धरला तर ५५ वॅटच्या फरकानं दिवसाला ०.२२ युनिट, वर्षाला सुमारे ८० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला आठशे रुपये. चार-पाच वर्षांत ही रक्कम नगण्य राहत नाही.

कार्ड जी वीज खातं ती शेवटी सगळी उष्णता होऊन खोलीत येते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे ४०६० लावलं तर खोलीत एक माणूस वाढला आणि ३०६० लावलं तर पावणेदोन. दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात हा हिशेब अंगावर येतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागून आणि वरून हवा खेळती हवी, धूळ दर काही महिन्यांनी झटकावी.

डोळ्यांबद्दल ताईनं विचारलं होतं, ‘‘महागडं कार्ड घेतलं तर डोळ्यांना त्रास कमी होईल का रे?’’ पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. शिवाय जवळ नजर ठेवून डोळ्यांचे स्नायू थकतात. यावर कुठलंही कार्ड औषध नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणं आणि आठवणीनं पापण्या मिटणं, हा उपाय फुकट आहे.

नाव तेच, माल वेगळा

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाजींनी दुकानदाराच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर ३०६० समोर मेमरी लिहिलेलीच नव्हती. मी म्हटलं, विचारून घ्या. उत्तर आलं, ८ जीबी.

२०२२ च्या अखेरीस याच नावाचं ८ जीबीचं कार्ड बाजारात आलं. गाभे तेवढेच, पण मेमरीचा रस्ता १२८ बिट आणि वाहतूक सेकंदाला २४० जीबी. म्हणजे १२ जीबीच्या कार्डाच्या दोन तृतीयांश. तेव्हा हे कार्ड ना भाच्याच्या कामाचं, ना भाचीच्या. गेममध्ये ४०६० त्याला सहज मागे टाकतं आणि मोठ्या मेमरीचा लाभ तर नाहीच. खोक्यावर ‘३०६०’ वाचून खूश होऊ नये. ‘१२ जीबी’ आणि ‘१९२ बिट’ हे दोन्ही वाचावं आणि बिलावर मेमरी लिहून घ्यावी. संगणकाची मुख्य मेमरी नंतर वाढवता येते. ग्राफिक्स कार्डाची येत नाही, ती बोर्डावर कायमची डकवलेली असते. चूक झाली तर पूर्ण कार्ड बदलावं लागतं.

लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुनी, वापरलेली ३०६० कार्डंही मिळतात. २०२१ मध्ये अशी अनेक कार्डं आभासी चलन ‘खणायला’ रात्रंदिवस राबवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि ती कार्डं विक्रीला आली. सगळी वाईट असतात असं नाही, पण पंख्याचा आवाज ऐकावा, अर्धा तास ताण देऊन तापमान पाहावं आणि हमी किती उरली आहे ते विचारावं.

२०२५ मध्ये आलेल्या ५०६० मध्ये मेमरी बरीच वेगवान झाली, वाहतूक ४४८ जीबीवर गेली. पण फडताळ तेच, ८ जीबीचं. त्यामुळे नाव कुठलंही असो, विचारायचे प्रश्न तेच राहतात. माझ्या कामाला किती मेमरी लागते, माझा पडदा किती चित्रं दाखवतो, माझा मदरबोर्ड किती जुना आहे आणि वीज किती लागणार? नुसते गेम खेळायचे असतील तर ४०६० घ्यावं, वीज वाचते आणि वेगही मिळतो. मोठी चित्रं, त्रिमिती काम किंवा यंत्रशिक्षण करायचं असेल तर १२ जीबीचं ३०६० अजून म्हातारं झालेलं नाही.

दाजींनी दुसऱ्या दुकानातून १२ जीबीचं कार्ड आणलं. भाचा दोन दिवस रुसला. मग त्याचे गेम साठ चित्रांवर चालायला लागले आणि त्याचा रुसवा गेला. आता घरात वेळापत्रक लावलंय. संध्याकाळी सात ते नऊ कार्ड त्याचं, रात्री दहानंतर तिचं. परवा भाचीनं टास्क मॅनेजरचा फोटो पाठवला. मोठी एक्स-रे चित्रं चालू होती आणि कार्डाची दहा जीबीहून जास्त मेमरी भरली होती. खाली तिनं लिहिलं होतं, ‘‘मामा, आता डाग दिसतोय.’’